डावा हात

पहिल्या दिवशी इनास मास्तरांनी
ना मल्टिमीटर दिला, ना पक्कड.
म्हणाले, डावा हात खिशात घाल.
मी चाचपलं.
कंपनीच्या पँटला खिसाच नव्हता,
नुसती खिशाची शिवण, वरवरची.
बायकांच्या मापात तशीच येते, स्टोअरवाला म्हणाला.

दोन्ही हात पॅनेलात घातलेस
तर एकातून शिरतो, दुसऱ्यातून निघतो.
वाटेत काय लागतं गो, सांग?

आयटीआयच्या वहीत सगळं होतं,
ओहमचा नियम, स्टार-डेल्टा, पेन्सिलीच्या आकृत्या,
पण वाटेत काय लागतं
हे असं कुणी विचारलं नव्हतं.
उत्तर म्हणून मी छातीवर हात ठेवला.
डावाच.

त्या रात्री आईने शिवण उसवली,
बाबांचा जुना खाकी शर्ट फाडून आत पिशवी घातली.
पिसुर्लेच्या खाणीवर ट्रक चालवायचे तेव्हाचा शर्ट.
कितीही धुवा, उन्हात धरला
की तांबडा.

कुंडईचा हा कारखाना झाकणं करतो,
लोणच्याच्या बरण्यांची, काजूच्या डब्यांची.
मिनिटाला तीनशेवीस.
लाईन थांबली की अचानक पंखे ऐकू येतात,
सुपरवायझर मास्तरांकडे बघतो,
मास्तर माझ्याकडे.

मेन खाली. माझं कुलूप. कुलपावर चिठ्ठी:
अश्विता गावस, काम चालू आहे.
किल्ली माझ्याच खिशात, कुणालाही द्यायची नाही,
मॅनेजर आला तरी, देव आला तरी.
मग टेस्टर आधी जिवंत जागी लावून बघ,
मग मेलेल्या,
मग परत जिवंत.
मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर?

आणि ड्राइव्ह असेल तर पाच मिनिटं थांब.
बंद केलं म्हणजे संपलं नाही,
आत साठलेलं हळूहळू उतरतं.

त्या पाच मिनिटांत मास्तर काहीबाही बोलतात.
चांदरचं घर, लिस्बनला गेलेली मुलगी,
बांगडे कुठे ताजे, कुठे बर्फातले.
उजव्या अंगठ्याचं टोक कुठे गेलं
ते मात्र नाही.
मीही घड्याळाकडेच बघते.

ऑगस्टमधली ती रात्रपाळी.
तीन नंबरची मोटर नुसती घुमत होती, फिरत नव्हती.
मी म्हटलं, एक फेज गेलीय.
मास्तर काही बोलले नाहीत, बॅटरी धरून उभे राहिले.
कुलूप. टेस्टर. परत टेस्टर.
दार उघडलं तर फ्यूज उडालेला,
आणि दोन बसबारांमध्ये आडवी एक पाल,
शेपटी लाल फेजवर, तोंड पिवळ्यावर.
पाल चुकचुकली की बोललेलं खरं होतं, आई म्हणते.
ही गप्प होती.
चारही पायांना खिसे नव्हते.
मला हसू आलं, मग पोटात ढवळलं,
मग मी चिमट्याने तिला काढलं आणि केबलच्या भोकाला
ग्लँड बसवली, जी दोन वर्षांपूर्वीच बसायला हवी होती.

पहाटे तीनशेवीस.
घरी बाबांनी विचारलं, किती व्होल्ट होते?
चारशेपंधरा.
त्यांनी मान हलवली,
पूर्वी कुणी टनांचा आकडा सांगितल्यावर हलवायचे तशी.
ट्रक अंगणात आहे. बॅटरी कधीच विकली.

परवा सातेरीच्या देवळात
भटजी तीर्थ द्यायला आले, मी उजवा हात पुढे केला.
मावशी पाठून फिसकारली,
अगो, दुसरा कुठाय? देवापुढे खिशात हात?
लक्षातच नव्हतं.
काढला. बोटांना खिशातल्या धुळीचा
किंचित तांबडा रंग.
उजव्याखाली धरला,
तीर्थ प्यायले, मग दोन्ही जोडले,
आणि एकदम आठवलं
वाटेत काय लागतं.

सोमवारी पहिली पाळी आहे.
किल्ली खिशातच राहिलीय बहुतेक.